नावापुढचे ‘डॉ.’ आणि प्रबंधावरची ‘विद्यावाचस्पती’ : कोठे, केव्हा आणि कसे लिहावे

प्रबंधाच्या काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरे उमटण्याआधी मुखपृष्ठाचा मजकूर कोणीतरी एकदा शांतपणे वाचावा लागतो, आणि सोलापुरात ते काम बरीच वर्षे माझ्याकडे येत आहे. संशोधक बहुधा मुदत संपण्याच्या शेवटच्या आठवड्यात येतात, बाइंडिंगवाला सकाळपासून खोळंबलेला असतो आणि मुखपृष्ठाची ती एक ओळ घाईघाईत टंकलेली असते. मध्यंतरी आलेल्या एका प्रबंधावर ‘विद्यावाचस्पति पि.एच.डी. पदवी करीता सादर केलेला शोध प्रबंध’ असे छापले जाणार होते. आतल्या चारशे पानांत तळटिपा चोख होत्या, पण या एका ओळीत सहा चुका होत्या. त्या दुरुस्त करताना संशोधकाने विचारले, “सर, मग नक्की लिहायचे तरी काय?” हा लेख त्या प्रश्नाचे, जरा सविस्तर, उत्तर आहे.

ओळ अशी असावी : ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या विद्यावाचस्पती पदवीसाठी मराठी विषयात सादर केलेला प्रबंध’. विद्यावाचस्पतीच्या पाठोपाठ कंसात पीएच.डी. लिहिण्याची पद्धत रूढ आहे आणि विद्यापीठाच्या नमुन्यात ते असेल तर तसेच ठेवावे. नमुन्यापुढे मुद्रितशोधकाचे मत चालत नाही. मात्र ओळीतला प्रत्येक शब्द कोठून आला हे माहीत असले, तर नमुना हाताशी नसतानाही चूक होत नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

शब्द कोठून आले

‘डॉक्टर’ हा मुळात लॅटिन शब्द. शिकवणे या अर्थाच्या ‘डोकेरे’ या धातूपासून तो तयार झाला, म्हणजे डॉक्टर याचा मूळ अर्थ शिकवणारा. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत ज्याला शिकवण्याचा अधिकार मिळाला तो डॉक्टर. रोगी तपासण्याशी त्या शब्दाचा संबंध नंतर जुळला आणि पुढे तोच इतका घट्ट झाला की आज आपल्याला मूळ अर्थच आगंतुक वाटतो. पीएच.डी. हे ‘फिलॉसॉफीए डॉक्टर’ या लॅटिन नावाचे लघुरूप आहे. येथे ‘फिलॉसॉफी’चा अर्थ तत्त्वज्ञान हा विषय असा नाही. जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या विद्याशाखा वगळून उरलेल्या ज्ञानक्षेत्राला ते नाव होते, आणि म्हणूनच रसायनशास्त्राचा, भूगोलाचा किंवा मराठीचा अभ्यासकही पीएच.डी. होतो. ‘तत्त्वज्ञानाचा डॉक्टर’ असे भाषांतर काही परिचयपत्रांत दिसते, ते करू नये. संशोधनावर दिली जाणारी आजच्या स्वरूपातील ही पदवी एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रुजली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ती प्रथम दिली आणि ऑक्सफर्डने १९१७ मध्ये ती स्वीकारली, तीही स्वतःच्या क्रमाने, डी.फिल. या नावाने. त्यामुळे ऑक्सफर्डच्या माणसाची डी.फिल. ही पीएच.डी.हून खालची समजण्याचे कारण नाही.

मराठीत या पदवीला ‘विद्यावाचस्पती’ हा शब्द निवडला गेला. वाचः म्हणजे वाणीचा, पती म्हणजे स्वामी. दोन्ही मिळून वाचस्पती, जे बृहस्पतीचे नाव आहे. समासात सहसा विभक्तीचा प्रत्यय गळून पडतो, येथे तो गळला नाही, ‘वाचस्’ या रूपात टिकून राहिला. अशा समासाला अलुक् समास म्हणतात. शब्द भारदस्त आहे, किंचित जडही आहे, आणि बोलताना कोणी तो वापरत नाही. ‘माझी विद्यावाचस्पती चालू आहे’ असे म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. तो लिखित, औपचारिक शब्द आहे आणि तसाच राहू द्यावा. लॅटिन शब्दाच्या अर्थाला धरून पाहिले तर खरे म्हणजे ‘आचार्य’ हाच शब्द जवळचा होता, पण मराठीत तो विनोबा भावे, प्र. के. अत्रे, शं. द. जावडेकर अशा नावांना इतका चिकटून बसला होता की विद्यापीठाच्या पदवीसाठी तो मोकळा उरला नव्हता.

येथे एक सावधगिरी हवी. संस्कृत विद्यापीठांच्या परंपरेत पीएच.डी.च्या तोडीच्या पदवीला ‘विद्यावारिधी’ म्हणतात आणि तिथे ‘वाचस्पती’ किंवा ‘विद्यावाचस्पती’ ही त्याच्याही वरची, डी.लिट.च्या बरोबरीची पदवी असते. म्हणजे महाराष्ट्रातील विद्यावाचस्पती आणि संस्कृत विद्यापीठाचा विद्यावाचस्पती यांच्यात एक पायरीचे अंतर पडते. कोणाचा परिचय लिहायचा असेल आणि त्यात हा शब्द आला, तर पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे हे पाहिल्याखेरीज तिचे पीएच.डी. असे रूपांतर करू नये. शिवाय काही प्रवचनकारांना आणि कीर्तनकारांना हाच शब्द सन्मानाची उपाधी म्हणून दिला जातो. त्याचा प्रबंधाशी संबंध नसतो.

या शब्दांच्या कुळात एक मौज आहे. पदवीच्या कितीतरी भारतीय नावांखाली पाणी आहे. ‘स्नातक’ म्हणजे अध्ययन संपवून स्नान केलेला. गुरुगृहातून निघताना होणारे ते स्नान. ‘निष्णात’ हाही ‘स्ना’ म्हणजे न्हाणे याच धातूचा शब्द, विद्येत पूर्ण बुडी मारलेला. पाणिनीने तर नियमच सांगितला आहे की ‘नि’ आणि ‘नदी’ या शब्दांपुढे स्ना आला आणि अर्थ कौशल्याचा असला, तर स चा ष होतो. म्हणून निष्णात आणि म्हणून नदीष्ण, म्हणजे नदीचे उतार आणि डोह ज्याला ठाऊक आहेत असा. ‘पारंगत’ म्हणजे पलीकडच्या तीराला पोहोचलेला. आणि विद्यावारिधी म्हणजे तर विद्येचा समुद्रच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या शहरात हे सांगताना जरा संकोच वाटतो, पण जिल्ह्यातच पंढरपूर आणि चंद्रभागा असल्यामुळे स्नान करून पैलतीर गाठण्याची कल्पना सोलापूरकराला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. उपयोगाची गोष्ट एवढीच की हे मूळ लक्षात ठेवले तर ‘निष्नात’ असे कोणी लिहिणार नाही आणि ‘पारंगत’ हे केवळ कौतुकाचे विशेषण समजून परिचयातून खोडणार नाही. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या परंपरेत विशारद आणि पारंगत ही रीतसर परीक्षांची नावे आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांतही विशारदनंतर अलंकार येते. अशा पदव्या असतील तशाच नावानिशी लिहाव्यात, त्यांना बी.ए. किंवा एम.ए. करून टाकू नये.

हिंदीकडून येणारे शब्द

विद्यापीठाची परिपत्रके, विद्यापीठ अनुदान आयोगाची हिंदी पत्रे आणि इंटरनेटवरील मजकूर यांमधून काही हिंदी शब्द मराठी प्रबंधांत शिरतात. ‘शोधार्थी’ ऐवजी मराठीत संशोधक विद्यार्थी किंवा नुसते संशोधक म्हणावे, ‘शोध निर्देशक’ ऐवजी मार्गदर्शक. सर्वांत फसवा शब्द ‘संशोधन’ आहे. मराठीत संशोधन म्हणजे नवे ज्ञान शोधणे, तर हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती; हिंदीतले ‘संशोधन विधेयक’ मराठीत दुरुस्ती विधेयक होते. हिंदी पत्रात ‘संशोधित सूची’ आली की ती सुधारित यादी समजावी, संशोधकांची यादी नव्हे. एका विभागात अशा यादीत आपले नाव नाही म्हणून घाबरलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. यादी सुट्ट्यांची होती.

‘प्रबंध’ हा एकटा शब्द पुरेसा आहे. शोधप्रबंध लिहायचा तर जोडून लिहावा. शोधनिबंध ही वेगळी वस्तू आहे, नियतकालिकात छापला जाणारा छोटा लेख; आणि एम.फिल.साठी लिहिला जाई तो लघुप्रबंध.

टिंबे, वेलांट्या आणि टंक

‘पीएच.डी.’ मध्ये पी आणि एच यांच्यामध्ये टिंब नसते, कारण ती दोन शब्दांची आद्याक्षरे नाहीत. ‘फिलॉसॉफी’ या एकाच शब्दाची ती पहिली दोन रोमन अक्षरे आहेत. हेच तत्त्व ‘डी.एस्सी.’ आणि ‘एम.एस्सी.’ यांना लागू आहे. ‘एलएल.डी.’ मध्येही दोन एल जोडून येतात. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवण्यासाठी अक्षर दोनदा लिहीत, आणि तेथे ‘कायद्यांचा’ असा अनेकवचनी अर्थ आहे. वर्तमानपत्रे सर्व टिंबे काढून ‘पीएचडी’ लिहितात, तेही चालते, फक्त एकाच मजकुरात दोन्ही रूपे मिसळू नयेत. ‘पी.एच.डी.’ मात्र दोन्हींपैकी कोणत्याच नियमात बसत नाही, आणि दुर्दैवाने सर्वाधिक तेच दिसते.

वाचस्पती सुटा असताना दीर्घ, कारण मराठीत तत्सम इकारान्त शब्दाचा शेवट दीर्घ लिहितात. त्याला जोडून दुसरा शब्द आला आणि समास झाला, तर मूळ ऱ्हस्व परत येतो : विद्यावाचस्पतिपद. ज्यांना हे जड वाटते त्यांनी मध्ये मोकळी जागा सोडून ‘विद्यावाचस्पती पदवी’ लिहावे, प्रश्नच मिटतो. ‘पदवी’ मात्र संस्कृतातच दीर्घ आहे, म्हणून पदवीधर, पदवीदान, पदवीप्रदान हे सर्व दीर्घ. आणि ‘पदविका’ हा वेगळा शब्द असून त्यात वि ऱ्हस्व आहे. पदवी आणि उत्तर यांचा संधी होऊन ‘पदव्युत्तर’ होते. ‘पदव्योत्तर’ आणि ‘पदवीत्तर’ ही दोन्ही रूपे मी फलकांवर पाहिली आहेत, एक तर थेट एका अभ्यासिकेच्या दारावर होते.

आता एक अशी चूक, जी डोळ्यांना दिसतच नाही. ‘डॉ’ हे अक्षर टंकताना ‘ॉ’ हे एकच चिन्ह वापरायचे असते. अनेक जण काना आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र असे दोन चिन्हे मिळवून ‘डाॅ’ असे लिहितात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. परिणाम असा की प्रबंधात ‘डॉ.’ शोधून बदल करायला गेले तर निम्मी नावे सापडतच नाहीत, संदर्भसूची अकारविल्हे लावली तर एकाच लेखकाची दोन ठिकाणी विभागणी होते आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव शोधणाऱ्याला ते मिळत नाही. खात्री करायची असेल तर कर्सर अक्षराच्या शेवटी ठेवून मागे खोडण्याची कळ एकदाच दाबावी. नुसता अर्धचंद्र गेला आणि ‘डा’ उरला, तर टंक चुकलेला आहे.

‘डॉ.’ कधीपासून लावावे

नावाच्या आधी लिहायचे असूनही मराठी माणूस ‘नावापुढे डॉक्टर लावले’ असे म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पुढे म्हणजे दर्शनी बाजूला. ते केव्हा लावायचे यावर मात्र घरोघरी मतभेद आहेत. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पेढे वाटणारी घरे आहेत, आणि नोंदणी झाली की दारावर पाटी लावणारेही आहेत.

नोंदणी झालेला मनुष्य पीएच.डी. करीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार या अभ्यासक्रमाला किमान ३ वर्षे लागतात आणि साधारणतः कमाल ६ वर्षांची मर्यादा असते; त्यात कोर्सवर्कही आले. प्रबंध सादर केला म्हणजेही पदवी मिळाली असे नव्हे, कारण तो मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि त्यांचे अहवाल अनुकूल आल्यावर खुली मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. सोलापुरात तिला सर्रास व्हायव्हा म्हणतात. व्हायव्हाच्या शेवटी परीक्षक अभिनंदन करतात, हार-तुरे होतात, भ्रमणध्वनीवर ‘डॉ.’ लावून छायाचित्रे फिरतात. आनंदाच्या त्या संध्याकाळी कोणाला अडवू नये हे खरे, पण कागदावर पदवी विद्यापीठाची अधिसूचना निघाल्यानंतर मिळते. नोकरीच्या अर्जात, वेतननिश्चितीच्या प्रस्तावात आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्या तारखेपासून ‘डॉ.’ लिहावे, आदल्या दिवसापासून नव्हे. त्यासाठी दीक्षान्त समारंभापर्यंत थांबण्याची गरज नाही. मधल्या काळासाठी तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि ते पुरेसे असते.

अधिसूचनेआधी काय लिहावे? जे घडले असेल ते क्रियापदाने सांगावे. ‘पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे’, ‘प्रबंध सादर केला आहे’, ‘मौखिकी झाली आहे’ ही तीन वाक्ये स्वच्छ आहेत. ‘पीएच.डी. अपिअर्ड’, ‘पीएच.डी. चालू’, ‘पीएच.डी. पेंडिंग’ अशी रूपे, विशेषतः लग्नाच्या बायोडाटात, फार दिसतात आणि वाचणाऱ्याच्या मनात नेमकी नको ती शंका उत्पन्न करतात. तसेच ‘एम.ए., नेट, सेट’ ही मालिका शैक्षणिक पात्रता म्हणून लिहायला हरकत नाही, पण नेट आणि सेट या परीक्षा आहेत, पदव्या नव्हेत. नावाच्या पाटीवर त्यांचे काम नाही. एम.फिल. तर २०२२ च्या विनियमांनी बंदच केली. पूर्वी ज्यांनी ती मिळवली त्यांची पदवी कायम आहे आणि त्यांनी ती निःसंकोच लिहावी.

हा शब्द वाक्यात चालवताना तो स्त्रीलिंगी धरावा, कारण मनात ‘पदवी’ हा शब्द असतो : पीएच.डी. मिळाली, डॉक्टरेट मिळवली, विद्यावाचस्पती प्रदान करण्यात आली. बोलण्यात ‘तो पीएचडी झाला’ आणि ‘त्याचं पीएचडी झालं’ ही दोन्ही रूपे इकडे ऐकू येतात. लेखनात पहिले कसेबसे खपते.

दोन डॉक्टरांमधला घोटाळा

काही वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेचे मुद्रण माझ्या हातून गेले. वराचे नाव ‘चि. डॉ.’ असे होते. मुलाने इतिहासात प्रबंध लिहिलेला होता, पदवी खरी होती, त्यामुळे मला त्यात खोडण्यासारखे काही दिसले नाही. पत्रिका वाटून झाल्या आणि मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या नातलगाने दवाखाना कोणत्या पेठेत आहे अशी चौकशी सुरू केली. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, तरी मांडवात दोन दिवस कुजबुज राहिली. तेव्हापासून मी पत्रिकेच्या प्रत्येक ‘डॉ.’वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करतो आणि नावामागे विषयासह पदवी घ्यायला सांगतो. ‘पीएच.डी., इतिहास’ एवढे छोट्या टंकात घातले की काम होते. एरवी नावापुढे डॉ. आणि नावामागे पीएच.डी. असे दोन्ही लिहिणे ही द्विरुक्ती आहे आणि ती टाळावी. अशा ठिकाणी मात्र खुलासा म्हणून ती क्षम्य, नव्हे आवश्यक मानतो.

हा घोटाळा का होतो, तर भारतात वैद्यकाच्या पहिल्या पदवीनंतरच डॉक्टर म्हणण्याचा प्रघात आहे. एम.बी.बी.एस. या नावातच ‘बॅचलर’ दोनदा येते, म्हणजे ती स्नातक पदवी आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द तिच्या नावात नाही, तो एम.डी. या पदव्युत्तर पदवीत येतो. तरीही रूढी पक्की आहे आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये तर शस्त्रक्रिया करणारे सर्जन उलट स्वतःला अभिमानाने मिस्टर म्हणवतात. आमच्या शहराला ‘डॉक्टर’ म्हटल्यावर जे पहिले नाव आठवते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे : जन्म सोलापुरात, १९१० साली, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. ज्या गावात या शब्दाला असा अर्थ चिकटलेला आहे, तिथे प्रबंध लिहिणाऱ्याने आपला विषय सांगून टाकलेला बरा.

‘डॉक्टरकी’ हा शब्द केवळ व्यवसायाला लागतो, म्हणून पीएच.डी. झालेला मनुष्य डॉक्टरकी करीत नाही. ‘डॉक्टरीणबाई’ने जुन्या बोलीत डॉक्टरची पत्नी आणि स्त्री डॉक्टर या दोघींचाही बोध होतो, म्हणून लेखनात तो टाळावा, स्त्रीसाठी ‘डॉक्टर’ हाच शब्द ठेवून क्रियापदाने लिंग दाखवावे : डॉक्टर आल्या, डॉक्टरांनी सांगितले.

आयुर्वेदाच्या पदवीधरांपैकी काही जण ‘वैद्य’ लिहिणे पसंत करतात, आणि तो सुंदर शब्द आहे. त्यांना एकच विनंती : त्याचे ‘वै.’ असे लघुरूप करू नये. पंढरपूरच्या वाटेवरील प्रत्येक गावात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. जिवंत माणसाच्या दवाखान्याच्या पाटीवर ते अक्षर पाहून वारकरी हात जोडतात.

प्रा., ह.भ.प. आणि इतर उपाध्यांचा क्रम

‘प्रा.’ हे पद आहे आणि ‘डॉ.’ ही पदवी. पद निवृत्तीबरोबर संपते, पदवी आयुष्यभर राहते; म्हणून निवृत्त प्राध्यापक असतो, माजी डॉक्टर नसतो. दोन्ही लिहायची तर ‘प्रा. डॉ.’ असा क्रम रूढ आहे. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ हे साधे आदरार्थी शब्द ‘डॉ.’ आले की गळतात, ‘श्री. डॉ.’ हे दुहेरी कुलूप आहे. कीर्तनाच्या फलकावर ‘ह.भ.प. डॉ.’ हाच क्रम योग्य वाटतो, कारण त्या व्यासपीठावर हरिभक्तपरायण असणे आधी येते. प्रबंधाच्या संदर्भसूचीत मात्र कोणत्याही लेखकाच्या नावाला कसलीच उपाधी लावू नये, स्वतःच्या मार्गदर्शकाच्याही नाही. हे सांगितल्यावर विद्यार्थी कासावीस होतात. त्यांनी तो सारा आदर ऋणनिर्देशात ओतावा.

मानद पदवी

विद्यापीठे कर्तृत्वाच्या गौरवासाठी डी.लिट., डी.एस्सी. किंवा एलएल.डी. या पदव्या सन्मानपूर्वक देतात. त्या मिळाल्याचा उल्लेख परिचयात जरूर करावा, पण त्यांच्या आधारे नावापुढे ‘डॉ.’ न लावणे हा सभ्य संकेत आहे. लता मंगेशकर यांना एकाहून अधिक विद्यापीठांनी मानद पदवी दिली, तरी त्यांना कोणी डॉ. लता मंगेशकर म्हटले नाही. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावापुढचे ‘डॉ.’ हे लिहून मिळवलेल्या प्रबंधांचे आहे : लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. १९२३ ची आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ ची. कोलंबियाची एलएल.डी. १९५२ मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. १९५३ मध्ये आली, त्या मानद होत्या. तोवर हे अक्षर त्यांच्या नावापुढे येऊन पाव शतक उलटले होते. जयंतीच्या फलकांवर या पदव्यांची यादी छापताना मिळवलेल्या आणि सन्मानार्थ मिळालेल्या असा भेद दाखवला तर त्यांच्या अभ्यासाचा आवाका अधिक नीट कळतो.

मानद पीएच.डी. म्हणून जे काही एखाद्या हॉटेलच्या सभागृहात झगा आणि टोपी घालून दिले जाते, त्याबद्दल मी कडक आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. संस्था नोंदणीकृत आहे, तिच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आहे किंवा प्रमाणपत्रावर होलोग्राम आहे, यांपैकी कशानेही तो अधिकार येत नाही. अशा पत्राच्या आधारे सत्काराच्या फलकावर ‘डॉ.’ छापून द्या म्हणून लोक येतात. मी त्यांना आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी, आणि बनावट विद्यापीठांचीही यादी, पाहायला सांगतो. काही जण यादी पाहून गप्प होतात, काही शेजारच्या दुकानात जातात.

विद्यापीठाचे नाव कोणते लिहावे

हा प्रश्न सोलापुरात इतरांपेक्षा जास्त येतो. येथे दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले तेव्हा मुंबई विद्यापीठ होते, १९४९ नंतर पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १ ऑगस्ट २००४ पासून एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ, ज्याचे २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामकरण झाले. एकाच घरात आजोबा पुण्याचे, वडील कोल्हापूरचे आणि नात केगावच्या आवारातून पदवी घेतलेली, अशी स्थिती असते. आणि तिघेही याच शहरात शिकलेले.

नियम सोपा आहे. अर्जात आणि अधिकृत कागदात पदवी प्रमाणपत्रावर जे नाव छापले आहे तेच लिहावे. २०१० मध्ये मिळालेली पदवी ‘सोलापूर विद्यापीठ’ अशीच लिहावी आणि हवे तर पुढे ‘आताचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असा खुलासा करावा. पुणे विद्यापीठाच्या नावातही २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव आले, तिथेही हेच करावे. जुन्या पदवीवर नवे नाव घातले की पडताळणी करणारा कारकून दोन कागदांतले नाव जुळत नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवतो. सध्या सादर होणाऱ्या प्रबंधावर मात्र पूर्ण नाव लिहावे, तोडून किंवा आद्याक्षरांत नव्हे. ओळ लांब होते, तर टंक एक आकडा लहान करावा.

हाक मारताना

लेखनात ‘डॉ.’ बरोबर असले तरी समोरासमोर पीएच.डी. झालेल्या शिक्षकाला आपण डॉक्टर म्हणत नाही; सर किंवा मॅडम म्हणतो, आणि तेच शोभते. पत्राचा मायना ‘आदरणीय सर’ असा चालतो, पाकिटावर ‘प्रा. डॉ.’ आणि पूर्ण नाव. ‘डॉक्टर’ ही हाक दवाखान्यासाठी राखलेली आहे. अपवाद असतात : श्रीराम लागू मूळचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, नाटकाच्या जगात गेले तरी तिथेही त्यांना सगळे ‘डॉक्टर’च म्हणत राहिले.

मराठी विषयात नुकतीच पदवी मिळालेला माझा एक भाचा गावी गेला होता. पारावर बसलेल्या गावातल्या एका मामांनी पाय लांब केला आणि म्हणाले, “डागदर झालास न्हवं? मग ह्यो गुडघा बघ की जरा.” भाच्याने आपण कवितेचे डॉक्टर असल्याचे सांगून पाहिले. मामांनी थोडा विचार केला, धोतर सावरले आणि विचारले, “मग कविता कुठं दुखती?” पुढच्या खेपेपासून तो गावात स्वतःची ओळख ‘कॉलेजात मराठी शिकवतो’ अशी करून देतो, आणि पत्रिकेवर मात्र नावामागे विषय छापून घेतो.